मुलांसाठी खाऊची परात: नाशिकच्या बाजारातून, मुलांच्या हाताला जमेल अशी

'स्नॅक बोर्ड' असं शोधलं की समोर येते ती लाकडी फळी, त्यावर तीन-चार तऱ्हेचं चीज, ऑलिव्ह, क्रॅकर्स आणि कोपऱ्यात रोझमेरीची काडी. दिसायला झकास. पण सहा वर्षांच्या पोरासमोर ती फळी ठेवली तर ते क्रॅकर्स तेवढे उचलेल आणि ऑलिव्ह चाखून हळूच परत ठेवेल. बिल मात्र हॉटेलएवढं झालेलं असेल.

नाशिकमध्ये राहून हा खटाटोप करायची गरज नाही. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दिंडोरी-निफाडची द्राक्षं, सटाणा-देवळ्याचं डाळिंब, थंडीत सुरगाण्याच्या स्ट्रॉबेऱ्या, चिवड्याची तर परंपराच. कल्पना तेवढी घ्यायची: एका भांड्यात बरेच लहान लहान घास, आणि मुलांनी आपापलं निवडून खायचं. बाकी सगळं आपल्या बाजारातलं. परात लावताना मी दोनच गोष्टी बघते, मुलाची बोटं आणि मुलाचा घसा. बोटांना उचलता आलं पाहिजे आणि घशात अडकता कामा नये. फोटो चांगला आला तर आनंदच.

खालचा हिशेब दहा मुलांचा आहे, वय चार ते नऊ, वेळ संध्याकाळी पाचची, आणि केक वेगळा. तुमच्याकडे मुलं कमी-जास्त असतील तर प्रमाण त्या हिशेबाने बदला.

आधी आईबाबांना विचारा

दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकायचा: "कुणाला शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, अंडं किंवा गहू यांची ॲलर्जी आहे का? जैन पदार्थ कुणाला लागतील? त्या दिवशी कुणाचा उपास?" 'काही चालत नाही का?' असं मोघम विचारलं की "नाही नाही, सगळं खातो" असंच उत्तर येतं. पदार्थांची नावं घेऊन विचारलं की मग एखादी आई आठवून सांगते की शेंगदाण्याने अंगावर पित्त उठतं.

नाशिकमध्ये दहा मुलांत एखाददुसरं जैन घरातलं निघतंच. त्यांना कांदा, लसूण, बटाट्याबरोबर गाजर, मुळा, बीटही चालत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. काही घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणूनही पाचची वेळ बरी. शेंगदाण्याची ॲलर्जी एकालाही असेल तर शेंगदाणे अख्ख्या परातीतून बाद. वेगळ्या वाटीत ठेवून भागत नाही, कारण मुलांचे हात सगळीकडे फिरतात.

भांडं कुठलं?

सोळा-अठरा इंची स्टीलची परात सगळ्यात सोयीची. तिला काठ असतो, त्यामुळे द्राक्षं घरंगळून सतरंजीवर जात नाहीत. लाकडी पाट किंवा मोठा पोळपाट दिसतो छान, पण त्याला काठ नाही आणि डाळिंबाचे डाग लाकूड धरून ठेवतं.

घरात तांबट लेनमधून कधीकाळी घेतलेली पितळी परात असेल तर ती काढायचा मोह होणारच. जरूर काढा, फक्त आतली कल्हई शाबूत आहे का ते बघा. कल्हई उडालेल्या पितळेवर दही, लिंबू, द्राक्षं असं काही आंबट ठेवायचं नाही, ते कळकतं. शंका असेल तर परातीत केळीचं पान अंथरा आणि आंबट-ओलं सगळं स्टीलच्या वाट्यांतच ठेवा. द्रोण कोरड्या खाऊला ठीक. दह्याचं डिप त्यात घातलं तर ते हळूहळू पाझरतं आणि शेजारची शंकरपाळी मऊ पडते.

शिवाय दहा छोट्या वाट्या किंवा पत्रावळीच्या बशा लागतील. त्या कशासाठी, ते पुढे येईल.

काय काय, आणि किती

दहा-अकरा पदार्थांच्या वर जाऊ नका. पंधरा प्रकार मांडले की मुलं गोंधळतात आणि ओळखीच्या एकाच गोष्टीवर तुटून पडतात. माझं गणित असं: दोन-तीन फळं, एक-दोन कच्च्या भाज्या, पोटभरीचे दोन पदार्थ, एक-दोन कुरकुरीत, एक डिप आणि एक छोटा गोड पदार्थ. यातला एखादाच पदार्थ मुलांना नवा असावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी हे घेते: द्राक्षं पाऊण किलो, हिरवी आणि काळी मिळून. दोन मोठी डाळिंबं. पाव किलो स्ट्रॉबेरी. तीन काकड्या, दोन-तीन गाजरं. चाळीस छोट्या इडल्या. पाव किलो पनीर. पाव किलो पातळ पोह्यांचा चिवडा. दीडेकशे ग्रॅम शंकरपाळी. अर्धा किलो दही, चक्क्यासाठी. आणि राजगिऱ्याचे छोटे लाडू दहा-बारा. केक असल्याने गोड एवढं पुरतं. चॉकलेटं परातीत ठेवूच नका. ती दिसली की बाकीचं कुणी बघत नाही.

बुधवार गाठता आला तर फळं-भाजी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून घ्या, नाहीतर कोपऱ्यावरची हातगाडी आहेच.

द्राक्षं: घेणं, धुणं, कापणं

द्राक्षांवर जरा थांबते, कारण परातीत सगळ्यात आधी संपतात ती हीच आणि सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं तेही इथेच.

घड घेताना आधी देठ बघा. देठ हिरवा आणि ताठ असेल तर माल ताजा. तपकिरी, सुकलेला असेल तर घड हलक्या हाताने हलवून बघा, मणी गळायला लागले तर सोडून द्या. हिरव्यागार मण्यांपेक्षा थोडी पिवळसर, मधाळ झाक आलेले मणी गोड लागतात. थॉमसन आणि सोनाका बिनबियांच्या, त्यामुळे मुलांसाठी सोप्या. सोनाकाचा मणी लांबट असतो. काळ्यांत शरद सीडलेस. मण्यांवरची एकसारखी पांढुरकी झाक बघून घाबरू नका, तो द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा थर असतो. एक मणी तोंडात टाकून बघायचाच. नाशिकचा कुठलाही द्राक्षवाला त्याला नाही म्हणत नाही.

आदल्या दिवशी धुऊन ठेवू नका, ओली द्राक्षं लवकर खराब होतात. ज्या दिवशी लागणार त्या दिवशी सकाळी मणी देठापासून कात्रीने सोडवा. ओढून काढले की देठाकडची साल फाटते आणि रस सुटतो. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन लिटरला दोन चमचे खाण्याचा सोडा घाला, मणी दहा-बारा मिनिटं त्यात ठेवा, मग नळाखाली चाळणीत चोळून धुवा. पंचावर पसरून पूर्ण कोरडे करा.

आता कापणं. हे टाळायचं नाही. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं घट्ट बसू शकतं. पाच वर्षांखालचं एक जरी मूल येणार असेल तर सगळी द्राक्षं कापा. मोठ्यांची वेगळी वाटी ठेवली तरी धाकट्याचा हात त्याच वाटीत जाणार, हे गृहीत धरा. कापायचं उभं, देठाकडून टोकाकडे, आणि एका मण्याच्या चार फोडी. आडवं कापलं तर गोल चकती राहते आणि धोका तसाच राहतो.

पाऊण किलो द्राक्षं एकेक करून कापायला जीव जातो. म्हणून एका सपाट ताटलीत मणी एका थरात आडवे पसरा, वरून सपाट झाकण हलक्या हाताने दाबून धरा आणि धारदार लांब सुरी दोघांच्या मधून सरळ सरकवा. लांबट मणी आपोआप आडवे पडलेले असतात, त्यामुळे ते उभेच चिरले जातात. मग त्या अर्ध्या फोडींचे दोन-दोन भाग करायला वेळ लागत नाही. कापलेल्या द्राक्षांना रस सुटतो, म्हणून हे काम पाहुणे यायच्या तासभर आधी करा आणि फोडी वाटीतच ठेवा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न आणि कच्च्या गाजराच्या जाड चकत्याही, पाच वर्षांखालचं एक जरी मूल येणार असेल तर, परातीत नकोत. गाजर किसून किंवा वाफवून पातळ लांब काप करून द्या. बोरं, करवंदं अशी बियांची फळं लहानांच्या परातीत नकोतच. बोरन्हाणात बोरं, हरभरे, मुरमुरे डोक्यावरून ओतले जातात आणि खालून सगळ्यात धाकटं काय तोंडात घालतंय तिकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथेही एका मोठ्या माणसाला तेवढंच काम द्यावं.

मुलांचा चिवडा

कोंडाजीचा चिवडा नाशिककरांच्या घरात असतोच, पण चार वर्षांच्या जिभेला तो झणझणीत होतो आणि त्यात अख्खे दाणे असतात. मुलांचा वेगळा करायला अर्धा तास पुरतो.

पाव किलो पातळ पोहे चाळून घ्या. रुंद कढईत मंद आचेवर भाजा, हात सतत पण हलका चालवा, नाहीतर पोहे मोडतात. आठ-दहा मिनिटांनी एक पोहा चिमटीत धरून दाबा. चुरा झाला तर झाले. नुसता वाकला तर अजून वेळ आहे. घाई करून आच वाढवली की पोहे आक्रसतात आणि कडेने तांबूस होतात, आतून मात्र चिवटच राहतात. पोहे परातीत काढून घ्या.

त्याच कढईत तीन-चार टेबलस्पून तेल तापवा. मोहरी, ती तडतडली की हिंग आणि कढीपत्ता. कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होऊ द्या, हाताने चुरडला गेला की मुलं तो वेचून बाजूला काढत नाहीत. दोन टेबलस्पून किसलेलं सुकं खोबरं घालून गुलाबी करा. गॅस बंद करून मग अर्धा चमचा हळद घाला, तापल्या तेलात ती करपून कडू होते. लगेच पोहे, चवीपुरतं मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर. मिरची नाही, दाणे नाहीत, डाळंही नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. हे तीन-चार दिवस आधी केलं तरी चालतं.

मोठ्या माणसांनी हा चिवडा चाखून "यात काहीतरी कमी आहे" असं म्हणणं अपेक्षित आहे. त्यांना कोंडाजीचा द्या.

पोटभरीचं आणि बुडवायचं

छोट्या इडल्यांचा साचा भांडीबाजारात मिळतो. तो नसेल तर नेहमीची इडली चौकोनी तुकड्यांत कापा, फरक पडत नाही. इडल्या गार झाल्यावर तुपाचा हलका हात लावा, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत आणि वरून सुकत नाहीत. पनीरचे बोटाएवढे तुकडे करून चमचाभर तुपात अगदी हलके परता, वर मीठ आणि जिरेपूड. फार परतलं की पनीर रबरासारखं होतं.

डिपसाठी अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर, खाली पातेलं ठेवून, फ्रीजमध्ये निदान तीन-चार तास ठेवा. उरलेला चक्का फेटून त्यात मीठ, चमचाभर साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किसून घट्ट पिळलेली अर्धी काकडी घाला. पिळायचा कंटाळा केला तर तासाभरात डिपचं ताक होतं. जैन मुलं नसतील तर निम्म्या चक्क्यात बिटाचा चमचाभर रस घाला. गुलाबी रंगासाठी मुलं काकडीही खातात, हे मी डोळ्यांनी बघते.

डाळिंब वाटीतच ठेवा आणि सोबत चमचा द्या. मुकुटाकडचा भाग गोल कापून काढा, आतले पांढरे पडदे दिसतील, त्या रेषांवरून सालीला उभे छेद द्या आणि हाताने उकला. दाणे पाण्याच्या पातेल्यात मोकळे केले तर पडदे वर तरंगतात आणि भिंतींवर शिंतोडे उडत नाहीत.

कुठलं काम कधी

चिवडा आणि शंकरपाळी तीन-चार दिवस आधी. आदल्या रात्री डाळिंब सोलून डब्यात, दही बांधून फ्रीजमध्ये, इडलीचं पीठ आंबायला. सकाळी इडल्या, द्राक्षं धुऊन वाळत, भाज्या धुऊन. दुपारी चारला द्राक्षं, काकडी, गाजर कापायचं. स्ट्रॉबेरी अगदी शेवटी धुवा, पानांसकट, आणि मग पानं काढून उभे काप करा. पानं आधी काढली तर फळं पाणी पितात. केळी किंवा सफरचंद घेणार असाल तर तीही शेवटी. सफरचंदाला लिंबाच्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे काळं पडत नाही. पनीर साडेचारला. पावणेपाचला मांडणी.

मांडणी

आधी वाट्या ठेवा, मग बाकीचं. डिपच्या दोन वाट्या परातीत समोरासमोर, म्हणजे मुलं एकाच बाजूला गर्दी करत नाहीत. द्राक्षं आणि डाळिंबाच्या वाट्या त्यांच्यामध्ये. आता जे ओलसर आहे, म्हणजे काकडी, स्ट्रॉबेरी, पनीर, ते परातीच्या एका अर्ध्या भागात, आणि चिवडा, शंकरपाळी दुसऱ्या अर्ध्यात. मध्ये इडल्यांची रांग लावायची. ती बांधासारखी काम करते, ओलं कोरड्याकडे जाऊ देत नाही. चिवडा थेट परातीत ओतू नका, कागदी कपांत भरून ते कप ठेवा.

हिरव्याशेजारी हिरवं नको, काळ्या द्राक्षांजवळ पनीर, गाजराजवळ काकडी, एवढं पाहिलं की रंग आपोआप जमतात. काकडीचे ससे आणि गाजराची फुलं करण्यात तास घालवू नका. मुलं त्यांची तोंडभर स्तुती करतात आणि खातात चिवडा. बिस्किटाचा साचा घरात असेल तर पनीरचे चार चांदण्या-तुकडे काढा, तेवढं पुष्कळ.

नवा पदार्थ मुलांच्या आवडत्या पदार्थाला चिकटून ठेवा. अनोळखी चव मुलाच्या समोर कित्येकदा, कधी दहा-बारा वेळाही, यावी लागते, मग कुठे ते ती मनापासून घेतं. शेजारच्या इडलीमुळे निदान नजर तरी त्यावर पडते.

परात टेबलावर ठेवू नका. सतरंजी घाला, मध्ये बुटका चौरंग किंवा पाट आणि त्यावर परात. तीन वर्षांच्या मुलालाही आत काय आहे ते वरून दिसलं पाहिजे. मुलं बसून खातात हा आणखी एक फायदा, कारण पळता पळता खाणं हे ठसक्याचं एक कारण.

मुलं आल्यावर

हात धुऊन आलेल्यालाच वाटी, हा नियम सुरुवातीलाच जाहीर करा. मग प्रत्येकाच्या वाटीत मोठ्या माणसाने चमचाभर डिप घालायचं आणि बाकीचं ज्याचं त्याने उचलायचं. मोठ्या वाटीत दहा जणांनी उष्टी काकडी बुडवली की डिप टाकूनच द्यावं लागतं, त्यासाठी त्या छोट्या वाट्या.

"हे पण खा ना, एकच खा" म्हणत मागे लागू नका. काय मांडायचं ते तुम्ही ठरवलंत, किती आणि कुठलं खायचं ते त्यांना ठरवू द्या. दुसऱ्याच्या घरी, इतर मुलांच्या देखत, एखादं पोर घरी कधी न खाल्लेली गोष्ट स्वतःहून उचलतं. आग्रह झाला की तेच पोर आईच्या मागे लपतं.

सगळं एकदम मांडू नका. निम्मं फ्रीजमध्ये ठेवा आणि परात रिकामी होईल तसं भरा. दही, पनीर, इडली, कापलेली फळं खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात, बत्तीस अंशांच्या वर तापमान असेल तर एक तासच. गच्चीवर कार्यक्रम असेल तर परातीखाली बर्फ भरलेलं दुसरं ताट ठेवा. राजगिऱ्याच्या लाडवांना मुंग्या लागायच्या आत ते शेवटच्या फेरीत आणा.

एक मोठं माणूस परातीजवळ बसलेलं हवंच, फोन बाजूला ठेवून. ठसका लागलेलं मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालू नका. खोकल्याचा आवाजच येत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या बुडाने पाच जोरदार थापा द्या. तरी निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर झटका द्या, आणि आलटून पालटून हेच चालू ठेवा. हे एक वर्षावरच्या मुलांसाठी. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात 108 लावायचा.

इतर महिन्यांत

द्राक्षं संपली की मे महिन्यात आंब्याच्या फोडी, त्या वाटीत आणि काट्याने. पावसाळ्यात उकडलेल्या मक्याच्या कणसाच्या बोटभर चकत्या, वर लिंबू-मीठ, पण लहानांना दाणे सोडवून, जरा ठेचून. सोबत गरम छोटी धिरडी, कारण पावसात कुणाला थंड काकडी नको असते. दिवाळीच्या सुमाराला सीताफळ येतं. ते बियांमुळे परातीत नकोच, गर काढून चक्क्यात मिसळलात तर गोड डिप होतं. थंडीत पेरू: मधला बियांचा भाग काढून पातळ काप, वर चिमूटभर मीठ.

उरलं तर

परातीत हात लागलेलं ओलं सगळं टाकून द्या, त्याची हळहळ नको. फ्रीजमध्ये राहिलेल्या इडल्यांना सकाळी फोडणी, डाळिंब दहीभातात, चक्क्याचा न वापरलेला भाग असेल तर साखर-वेलची घालून श्रीखंड. द्राक्षांच्या उरलेल्या फोडी मीठ, साखर आणि जिरेपूड घालून दह्यात मिसळल्या की कोशिंबीर होते. आणि चिवड्याचे न उघडलेले कप घरी जाताना मुलांच्या हातात द्या.